आवाज बदलला

शंकेखोर : या शब्दाबद्दल भरभरून बोलण्याआधी तो एकदा कागदावर लिहून बघा. संस्कृतात तो 'काकु', शेवटचा उकार ऱ्हस्व. मराठीच्या लेखननियमांनी गुरूला, पशूला, वस्तूला दीर्घ केले, तसा हाही 'काकू' होतो. मग वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वडिलांच्या भावाची बायको उभी राहते. बोलून दाखवावा तर तिथेही सोय नाही, कारण शब्दाच्या शेवटचा उकार मराठी जीभ लांबवतेच. म्हणजे आवाजातला फरक सांगणारा शब्द, आणि आवाजावरून तोच ओळखू येत नाही. आपल्याकडे सूर आहे, हेल आहे, ढब आहे, पट्टी आहे, आणि एवढ्यानेही भागले नाही तर 'टोन' आहे. 'कुठल्या टोनमध्ये बोलतोयस?' हे आता सगळीकडे ऐकू येते. अलंकारांच्या पुस्तकात वक्रोक्तीच्या पोटात एका ओळीपुरता उरलेला शब्द बाहेर काढून मिळवायचे काय?

शब्दप्रेमी : तुम्ही दिलेला एकेक शब्द घासून बघू. हेल मुलखाचा असतो. मालवणी हेल, वऱ्हाडी हेल. माणूस रागावला काय आणि हसला काय, त्याचा मुलूख सुटत नाही. ढब सवयीची. पट्टी उंचीची. सूर बराच जवळ येतो, 'त्याचा सूर तक्रारीचा होता' असे आपण म्हणतो. पण तसा सूर अग्रलेखालाही असतो, म्हणजे त्यासाठी तोंड उघडावे लागत नाही. टोन उसना आहे म्हणून मी त्याला नाकारत नाही, पण तो रंगालाही चालतो आणि कातडीलाही. मला शब्द हवा आहे तो एका नेमक्या गोष्टीसाठी. शब्द तेच, क्रम तोच, व्याकरण तेच, आणि नुसत्या कंठामुळे अर्थ फिरला, याला काय म्हणायचे? अमरकोशाने त्याला नाव दिले : शोक, भीती अशांमुळे ध्वनीत जो विकार होतो ती काकू. नाव स्त्रीलिंगी आहे, हेही अमराने सांगून ठेवले.

याचे जुने उदाहरण भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकातले. युधिष्ठिर पाच गावांवर तह करायला निघाला आहे हे भीमाला कळते. तेव्हा तो म्हणतो, मी शंभर कौरवांना युद्धात चिरडणार नाही, दुःशासनाच्या छातीचे रक्त पिणार नाही, सुयोधनाच्या मांड्या गदेने फोडणार नाही, तुमच्या राजाने खुशाल तह करावा. कागदावर प्रत्येक 'नाही' जागच्या जागी आहे. कागद म्हणतो, भीमाने माघार घेतली. रंगभूमीवर तेच शब्द म्हणजे प्रतिज्ञा आहे. एक अक्षर इकडचे तिकडे न होता नकाराचा होकार झाला. हे करणारी जी गोष्ट आहे तिला तुमच्या यादीतले कुठले नाव द्याल?

शंकेखोर : प्रसंग हे नाव देईन. भीम कोण हे ज्याला माहीत आहे, द्रौपदीचे मोकळे केस ज्याला माहीत आहेत, त्याला नटाच्या कंठाची गरज काय? तुम्हीसुद्धा तो श्लोक पहिल्यांदा मुकाट्यानेच वाचला असेल, आणि तरी तो तुम्हाला कळला. ज्याला तुम्ही आवाजाचे काम म्हणता ते वाचणाऱ्याच्या तर्काचे काम आहे. आणि हा शब्द इतका नेमका असेल तर जुन्या पंडितांना त्याची जागा का ठरवता आली नाही? रुद्रटाने काकूला वक्रोक्तीचा प्रकार मानून शब्दालंकारात बसवले. राजशेखराने विचारले, हा तर पठनाचा धर्म, हा अलंकार कसा होईल? आनंदवर्धनाने काकूतून कळणाऱ्या अर्थाला शुद्ध ध्वनीचा मान न देता गुणीभूतव्यंग्याच्या, म्हणजे सुचवलेला अर्थ दुय्यम ठरण्याच्या, पायरीवर ठेवले, आणि मम्मटाने ती पायरी कायम केली. भरताकडे जावे तर तो तिला नटाच्या तालमीत, पाठ्याच्या गुणांमध्ये मोजतो. एवढ्यांनी एवढ्या घरांत ठेवलेली वस्तू एकच आहे असे तरी कशावरून?

शब्दप्रेमी : भांडण झाले म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. उलट ज्या वस्तूवर रुद्रट आणि राजशेखर भांडतात ती आपल्या दारात पडून आहे आणि आपण तिच्याकडे बघत नाही, याची मला हळहळ वाटते. राजशेखर तर एका अर्थी आपल्या घरातला. त्याने आपल्या पणजोबांना, अकालजलदाला, 'बालरामायणा'त महाराष्ट्राचा चूडामणी म्हटले आहे. त्याच्या 'काव्यमीमांसे'त काकूची चर्चा जिथे आहे तिथेच वेगवेगळ्या प्रदेशांचे लोक कविता कशी म्हणतात हेही आहे. पांचालांचे पठन कानात मध घालते, काश्मीरचे लोक कवी चांगले पण त्यांचे म्हणणे म्हणजे कानात गुळवेलीच्या रसाची चूळ, कर्नाटकातले लोक रस कुठलाही असो, शेवटी अभिमानाने टणत्कार करतात. हजार-अकराशे वर्षांपूर्वी एक माणूस कान लावून बसला होता आणि ऐकलेले लिहून ठेवत होता. काव्याला अर्थ असतो हे सगळेच सांगतात, काव्याला घसा असतो हे त्याने मनावर घेतले.

त्याने काकूचे दोन प्रकार केले, भरताने केले तेच. जिला पुढच्या वाक्याची ओढ असते ती साकांक्ष, जी आपल्यातच पुरी होते ती निराकांक्ष. मग साकांक्षेचे तीन : आक्षेपाची, प्रश्नाची, वितर्काची. निराकांक्षेचे तीन : विधीची, उत्तराची, निर्णयाची. आता मराठीतले एकच वाक्य घ्या, 'तू येणार.' भुवई वर करून म्हणा, आक्षेप झाला. शेवट उचला, प्रश्न झाला. 'येणार' स्वतःशीच रेंगाळत म्हणा, वितर्क. बापाने मुलाला बजावून म्हणावे, विधी. कोणी विचारल्यावर सरळ म्हणावे, उत्तर. खूप वेळ हो-नाही करून शेवटी म्हणावे, निर्णय. दोन शब्द, सहा अर्थ, आणि सहांपैकी चार ठिकाणी शाई कुठलाही फरक दाखवू शकत नाही.

शंकेखोर : शाई दाखवू शकत नाही, पण भाषा दाखवू शकते, आणि मराठी तर फार चांगली दाखवते. येणार ना. येणार की. येणार का. येणार म्हणे. येणार हं. येणार वाटतं. ही चिमुकली अव्यये कशासाठी आहेत? तुम्ही ज्याला काकू म्हणता ती मराठीने कधीच शब्दांत उतरवून घेतली आहे. 'बस हं' आणि 'बस की' यांतला फरक कुठलाही परका माणूस व्याकरणाच्या पुस्तकातून शिकू शकतो. मग उरले काय? उरलेले भाषेच्या बाहेरचे आहे, असे मी म्हणतो, आणि हे नुसते माझे म्हणणे नाही. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 280 वे कलम काढा. साक्षीदाराची साक्ष नोंदवून झाल्यावर त्याच्या एकूण वागण्याबोलण्याबद्दल काही महत्त्वाचे वाटले तर न्यायाधीशाने तो शेरा वेगळा लिहावा, अशी तिथे तरतूद होती. साक्ष वेगळी, शेरा वेगळा. कायद्याला कळले आहे की माणूस काय बोलला ही एक गोष्ट आणि तो ते कसे बोलला ही दुसरी.

शब्दप्रेमी : ते कलम मी माझ्या बाजूने वाचतो. शब्दांत सगळे आले असते तर शेऱ्याची जागा ठेवावी लागली नसती. 'मीच मारलं त्याला' हे वाक्य पोलिसांपुढे कोणी खालमानेने म्हणू शकतो आणि कोणी थक्क होऊन म्हणू शकतो. एकात कबुली आहे, दुसऱ्यात 'माझ्यावर हा आळ?' असा सवाल आहे. टंकलेखकाच्या कागदावर दोन्ही सारखीच. माणसाचे आयुष्य त्या फरकावर टांगलेले असते, त्याला भाषेबाहेरचा म्हणून कसे चालेल?

आणि अव्ययांचे म्हणाल तर ती काकूची जागा घेत नाहीत, काकूवरच जगतात. तुमचा 'ना' घ्या. 'येणार ना?' म्हणजे खात्री करून घेणे. 'येणार ना!' म्हणजे येणारच, विचारतोस काय. 'ये ना' म्हणजे आर्जव, आणि तेच 'ये ना' दात आवळून म्हटले तर हाणामारीचे निमंत्रण. मराठीने काकू शब्दांत उतरवली हे तुमचे निरीक्षण मला मनापासून पटते, इतकी चांगली गोष्ट मला सुचली नव्हती. पण उतरवून झाल्यावरही ती संपली नाही. पाण्याला भांडे दिले, एवढेच.

शंकेखोर : बरे. आता मुळाकडे या, कारण तुमचा खरा जीव तिथे आहे हे मला माहीत आहे.

शब्दप्रेमी : मूळ दोन बाजूंनी सांगतात, आणि दोन्ही बाजू मला सारख्याच ओढतात. ऋग्वेदात 'काकुद' असा शब्द आहे. वरुणाच्या तोंडातून सात नद्या वाहतात, त्या जिथून वाहतात ते काकुद. पतंजलीने महाभाष्याच्या अगदी सुरुवातीला, व्याकरण का शिकावे हे सांगताना, हाच मंत्र घेतला आहे. तो उलगडून सांगतो की काकुद म्हणजे टाळू, आणि काकू म्हणजे जीभ, जी त्या टाळूत हलते. म्हणजे काकू आधी मांसाची होती. बोलण्याचे अवजार. दुसरी बाजू 'कक्' धातूची. त्याचा अर्थ लौल्य, म्हणजे चंचलपणा, हाव, कशासाठी तरी आतून होणारी चुळबुळ. त्या धातूवरून काकू म्हणजे आवाजाचे अस्थिर होणे. शब्दांनी दिलेला अर्थ पुरेसा नाही, आणखी काहीतरी हवे आहे, म्हणून आवाज जागा सोडतो. भरताने आकांक्षेवरून काकूचे प्रकार केले हे आठवा. हाव आणि आकांक्षा या जवळच्याच.

शंकेखोर : सुंदर आहे, आणि म्हणूनच मी सावध होतो. हे निर्वचन आहे, इतिहास नाही. निरुक्तकारांची रीतच अशी की शब्दाला धातू मिळाल्याशिवाय सोडायचे नाही. यास्क तरी प्रामाणिक होता. कावळ्याचे 'काक' हे नाव त्याच्या ओरडण्याची नक्कल आहे आणि पाखरांची नावे पुष्कळदा अशीच पडतात, असे त्याने सांगितले. तिथेही औपमन्यव नावाचा आचार्य होता, तो म्हणे, नक्कल वगैरे काही नसते, धातू शोधा. तुमच्या काकूच्या बाबतीत मला कोणी सांगितले की हा शब्दही 'का' 'कू' अशा फाटलेल्या आवाजाची नक्कल आहे, तर तुम्ही त्याला कसे खोडणार? जीभ, हाव, कावळा. तीन मुळे असलेला शब्द मला बिनमुळाच्या शब्दाइतकाच वाटतो.

शब्दप्रेमी : मग मी जिवंत पुरावा देतो. काकू मेली असे तुम्ही म्हणालात. आजही मराठी माणूस 'काकुळतीला येतो'. संतांच्या अभंगांत 'काकुलती' आहे. अमराने सांगितलेला शोकाचा आणि भीतीचा विकार याच शब्दात उतरला आहे. अजिजी हातांनी करता येते, विनवणी अर्ज करूनही होते, गयावया दुरून पाहिली तरी कळते. काकुळती मात्र कानाने ऐकायची असते. काकुळतीला आलेल्या माणसाचा आवाज तुमच्या मनात आधी येतो, चेहरा नंतर. संस्कृत पुस्तकात जी संज्ञा होऊन बसली ती आपल्या ओसरीवर वाक्प्रचार होऊन फिरत राहिली.

शंकेखोर : 'ळती'चा हिशेब लावून दाखवा. काकूपुढे ही शेपटी कुठल्या नियमाने लागली? शिवाय मराठी त्या शब्दाला कसे वागवते ते बघा. जेरीस येणे, मेटाकुटीला येणे, घायकुतीला येणे, तसे काकुळतीला येणे. 'येणे' हे क्रियापद सांगते की ही एक अवस्था आहे, माणूस चालत चालत जिथे पोचतो अशी जागा. आणि आवाज जर त्या शब्दातच असता तर आपण 'काकुळतीच्या स्वरात म्हणाली' असे कशाला म्हटले असते? स्वर वेगळा जोडावा लागतो, याचा अर्थ तो शब्दात नाही.

शब्दप्रेमी : तुम्ही दिलेल्या ओळीत 'रडकुंडीला येणे' गाळले. रडकुंडीही अवस्थाच, पण तिच्यात रड आहे की नाही? आवाजाच्या नावावरून अवस्थेचे नाव पडते. 'ळती'चा हिशेब आज मी लावू शकत नाही, हे मान्य. पण 'स्वरात' वेगळे जोडावे लागते यावरून एवढेच सिद्ध होते की शब्द पुष्कळ चालला आणि झिजला. झिजलेल्या नाण्यावरचा राजा दिसत नाही म्हणून ते नाणे त्याने पाडलेच नाही असे होत नाही.

शंकेखोर : ठीक. मग त्याच नाण्याची दुसरी बाजू दाखवतो. आपल्या देवगिरीला, यादव सिंघणाच्या काळात, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. तिथेही काकू आहे, आणि सहा प्रकारची आहे. पण राजशेखराच्या सहांशी तिचा काही संबंध नाही. स्वरकाकू, रागकाकू, अन्यरागकाकू, देशकाकू, क्षेत्रकाकू, यंत्रकाकू. तो तिला छाया म्हणतो. एका रागात दुसऱ्या रागाची सावली पडावी तशी. क्षेत्र म्हणजे शरीर. प्रत्येक गाणाऱ्याच्या आवाजाचा जो आपापला रंग, अंधारातही ज्यावरून गायक ओळखू येतो, ती क्षेत्रकाकू. आणि यंत्रकाकू म्हणजे वीणा आणि तत्सम वाद्यांची. वीणेला कुठला शोक आणि कुठली भीती? भीमाचा नकार उलटा करणारी काकू आणि वीणेच्या लाकडातून येणारी काकू एकच कशी? शब्द एक, वस्तू दोन.

शब्दप्रेमी : इथे मला थोडे थांबावे लागते, कारण शार्ङ्गदेव हा माझा फार आवडता माणूस आहे. यादवांच्या दरबारात तो हिशेबाच्या खात्याचा अधिकारी, आणि वैद्यकाचा जाणकार. म्हणून त्याने आवाजाचेही प्रकृतीप्रमाणे भाग केले. कफाचा आवाज खाहुल : गोड, स्निग्ध, कोवळा. पित्ताचा नाराट : घन आणि गंभीर. वाताचा बोंबक : एरंडाच्या दांड्यासारखा आतून पोकळ, जाड. आणि सगळ्यांच्या भेसळीचा मिश्रक. बोंबक ऐकल्यावर मराठी माणसाला बोंब आठवल्याशिवाय राहत नाही. तुम्ही काही म्हणण्याआधी सांगतो, नुसती आठवते म्हणतोय, मूळ म्हणत नाही. पण देवगिरीच्या त्या माणसाला कळले होते की आवाज हे शरीर आहे. आणि भरताने काकूची सुरुवात तिथूनच केली होती. ऊर, कंठ, शिर या तीन स्थानांतून स्वर आणि काकू निघतात, देहाच्या वीणेतून आणि लाकडाच्या वीणेतूनही, असे तो म्हणतो. लांबच्या माणसाला शिरातून हाक मारा, जवळच्याशी उरातून बोला. वस्तू दोन नाहीत. भीमाच्या काकूखाली भीमाचे ऊर आहे.

कुमार गंधर्वांचे उदाहरण घ्या. लहानपणी हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तसे गात असे. म्हणजे दुसऱ्याची क्षेत्रकाकू तो अंगरख्यासारखी घालू शकत होता. मग क्षयाने गाठले. 1948 मध्ये ते देवासला गेले, कित्येक वर्षे गाणे बंद राहिले, एक फुप्फुस कामातून गेले. परत गायला लागले तेव्हा लांब पल्ल्याच्या जागी छोटे, तोडलेले, अचानक उसळणारे स्वरपुंज आले. त्या तुटण्यात जो अर्थ ऐकू येतो तो क्षेत्राचा की अभिप्रायाचा? मला दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

शंकेखोर : तुम्हाला करता येत नाहीत, पण करावे लागतील, कारण माझी खरी शंका तिथेच आहे. आतापर्यंत मी व्याकरणाच्या आणि कोशाच्या आडून बोलत होतो, आता सरळ सांगतो. राजशेखर काकूला अभिप्रायाचा धर्म म्हणतो. म्हणजे बोलणाऱ्याला काहीतरी सुचवायचे आहे आणि त्यासाठी तो आवाज वळवतो. अमर तिला विकार म्हणतो. विकार माणूस करत नाही, त्याला होतो, ताप येतो तसा. एक काकू केली जाते, एक होते. तुमची मुळेसुद्धा अशीच फुटतात : जीभ माणूस हलवतो, लौल्य माणसाला हलवते.

माझी आई एकदा रात्री फोनवर म्हणाली, 'काही नाही, सहज केला फोन.' तिचा अभिप्राय अगदी स्पष्ट होता : मला काही कळू द्यायचे नाही, सकाळपर्यंत झोपू द्यायचे. तिने आवाज सांभाळला होता. शब्दही तसेच निवडले होते. आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, कारण मला कळले की वडील गेले. राजशेखराच्या व्याख्येने तिथे काकू नव्हती, कारण अभिप्राय उलट होता. अमराच्या व्याख्येने फक्त काकूच होती, बाकी काही नव्हते. या दोघांना एक नाव देऊन तुम्ही माझ्या आईच्या त्या वाक्याला भीमाच्या संवादाशेजारी बसवता. ते मला सोसत नाही.

शब्दप्रेमी : मी बसवत नाही. पण नट बसवतो. भीमाचे काम करणारा नट रोज रात्री ठरल्या वेळी जे करतो, ते त्याने कुठून शिकले? कोणाच्या तरी घशात झालेल्या विकारावरूनच. तान्हे मूल आधी रडते, मग काही महिन्यांत रडून बघते, आणि आई दोन्ही ओळखते, निदान बहुतेक वेळा. झालेली काकू आणि केलेली काकू यांच्यामध्ये पाऊलवाट आहे, आणि माणसे तिच्यावरून दोन्ही दिशांनी चालतात. सराईत भिकाऱ्याची काकुळती खोटी म्हणून आपण पुढे जातो, आणि चार पावलांवर मागे वळून बघतो.

आणि मराठीने इथे काय केले ते बघा. 'माझा आवाज बदलला.' 'मी आवाज बदलला.' क्रियापदाचे रूप एकच. तोडणे आणि तुटणे, फोडणे आणि फुटणे असे जोड आपण काळजीने वेगळे ठेवले, बदलण्याला मात्र तसेच सोडले. नाटकाच्या संहितेत कंसात नुसते 'आवाज बदलतो' एवढे लिहिलेले असले तर नटाने काय समजायचे? पात्र आवाज बदलते आहे, की पात्राचा आवाज बदलतो आहे? दिग्दर्शकाला विचारल्याशिवाय तालीम पुढे जात नाही.

शंकेखोर : तो प्रश्न मला मान्य आहे, शब्दापेक्षा जास्त मान्य आहे. पण तुमच्या पाऊलवाटेवर एक गोष्ट बसत नाही. त्या रात्रीनंतर आई पुष्कळ वर्षे होती. आठवड्यातून दोनदा फोन करायची, आणि तिची सवय अशी की सुरुवात त्याच वाक्याने. 'काही नाही, सहज केला फोन.' तेव्हा तिच्या आवाजात खरोखर काही नसायचे, ना केलेले, ना झालेले. पुढे ती भाजीचा भाव सांगायची. तरीही त्या वाक्याला मी दर वेळी उठून उभा राहायचो.

शब्दप्रेमी : म्हणजे काकू तुमच्या कानात होती?

शंकेखोर : तिची जागा भरताने ऊर, कंठ आणि शिर अशी सांगितली, पतंजलीने टाळू सांगितली. कान कोणी सांगितला आहे का, ते तुम्ही बघा. सापडले तर मला फोन करा. आणि सुरुवातीलाच कारण सांगा.